भुताच्या गोष्टींचं वेड आयुष्यभर कसं जपायचं

भुताच्या गोष्टी आवडणारं पोर घरात असलं की मोठी माणसं म्हणतात, वय वाढलं की जाईल हे खूळ. माझं गेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा झालोय, डोंबिवलीत राहतो, नोकरी करतो, आणि अजूनही गावी रात्री जेवणं आटपल्यावर खळ्यात कोणी "तुका म्हायत हा काय, त्या दिवशी काय झाला" असं सुरू केलं की अंगावर काटा येतो आणि त्याच वेळी आतून इतका आनंद होतो की बस. हे दोन्ही एकदम होणं ज्यांना माहीत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण बऱ्याच जणांचं हे वेड कॉलेजपर्यंत टिकतं आणि मग वर्षाला दोन हॉरर पिक्चर बघण्यापुरतं उरतं, आणि ते तसं संपायची काहीच गरज नसते.

सुरुवात स्वतःच्या पहिल्या भीतीपासून करा. वही घ्या आणि लिहून काढा. भूत कसं दिसत होतं ते नंतर, आधी गोष्ट कोणी सांगितली, तुम्ही कुठे बसला होतात, उजेड कसला होता, कसला वास येत होता, शेजारी कोण होतं, ते सगळं.

माझं सांगतो. मालवण तालुक्यातलं आमचं गाव, मे महिना, लाइट गेलेले, पडवीत कंदील आणि आजी सुपारी कातरतेय. गोष्ट तिच्या भावाची. तो दशावतार बघून रात्री एकटा परत येत होता, साकवाजवळच्या, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाजवळच्या, पिंपळाखाली एक लहान मुलगा उभा, डोकं भादरलेलं, मागे शेंडी, आणि तो म्हणतो, "माका वाईच पाणी दितास?" भाऊ म्हणाला पाणी नाय रे माझ्याकडे, आणि चालत राहिला. मागे वळून बघितलं तर मुलगा तेवढ्याच अंतरावर. परत वळून बघितलं, परत तेवढ्याच अंतरावर. घरी पोचला, दार वाजवलं, आईने दार उघडलं तसं तो म्हणाला आये, पाणी दी. आणि पाठीमागून आवाज आला, "माका पण."

आजी "माका पण" म्हणायच्या आधी थांबायची. अडकित्त्यात सुपारी धरायची, आम्ही सगळी पोरं श्वास रोखून, आणि कट् करून सुपारी तुटली की मग ते दोन शब्द, अगदी हळू आवाजात. पूर्ण गोष्टीत मुंजा हा शब्द ती एकदाही उच्चारत नसे, आम्हीच म्हणायचो, आजी मुंजा होता ना तो, आणि ती नुसती पान जुळवत बसायची.

२००४ साली आजी गेली. घरात टेपरेकॉर्डर होता, कॅसेटा होत्या, त्यावर आम्ही रेडिओवरची गाणी उतरवून घ्यायचो, पण आजीचा आवाज एक मिनिटभरसुद्धा कोणी घेतला नाही. मी पण नाही, ज्याला तिच्या गोष्टींचं सगळ्यात जास्त वेड होतं. ते मला अजून लागून राहिलंय आणि या सगळ्या लेखात एकच गोष्ट घ्यायची झाली तर ती हीच घ्या: तुमच्या घरात सांगणारं माणूस जिवंत असेल तर आधी तिकडे जा, पुस्तकं आणि पिक्चर कुठे पळून जात नाहीत.

रेकॉर्डिंगचं सोपं आहे. आधी सरळ विचारायचं, तुझा आवाज ठेवू का गो काकी, लपवून करायचं नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका नाहीतर ऐन मोक्याला बँकेचा मेसेज वाजतो. फोन टेबलावर तसाच ठेवू नका, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाचे धक्के येत नाहीत, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद करणं मे महिन्यात जिवावर येतं पण पंख्याची घरघर रेकॉर्डिंगची वाट लावते, त्यापेक्षा अंगणात बसा. गोष्ट संपली की लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा, कारण खरी गोष्ट पुष्कळदा "झालं" म्हटल्यावरच येते. फाइलला नाव देताना गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नातं टाका, आणि दोन ठिकाणी ठेवा, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन.

विचारायचं कसं हे जास्त महत्त्वाचं. "काकी, भूत खरंच असतं का?" हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही, त्याने माणूस लगेच सावध होतो आणि मग तो एकतर छातीठोक हो म्हणतो नाहीतर हसून विषय बदलतो, दोन्हीकडे गोष्ट मेली. त्यापेक्षा बारीक बारीक विचारा. तेव्हा गावात लाइट आले होते का? बरोबर कोण होतं? पाणंदीने आला की शेतातून? हातात काय होतं, बॅटरी की चूड, म्हणजे पेटती मशाल? आणि सगळ्यात चांगला प्रश्न, तुला ही गोष्ट कोणी सांगितली? त्यातून एक अख्खी माळ उलगडते, कोण कोणाच्या घरी बसायचं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं, सगळं. मध्ये माणूस गप्प झाला तर आपणही गप्प बसायचं, घाईघाईत पुढचा प्रश्न टाकायचा नाही. आणि समोरचा अजिबात खुलत नसेल तर आपली एखादी छोटी गोष्ट आधी सांगायची, पण दुसऱ्या गावची, त्यांच्याच गावची सांगितलीत तर ते ती दुरुस्त करत बसतात.

तीच गोष्ट वर्षा दोन वर्षांनी परत विचारा. हे फार कमी लोक करतात आणि खरा खजिना इथेच आहे.

मुंज्याची ती गोष्ट मी आजी गेल्यावर काकीकडून घेतली, तीन वेळा. पहिल्यांदा तिने साधारण आजीसारखीच सांगितली. दुसऱ्यांदा, दोन वर्षांनी, तिच्या बोलण्यात आलं की तो पिंपळ आमच्याच जुन्या जागेतला, आधी तिथे मांगर, म्हणजे शेतातली खोपी होती. तिसऱ्यांदा मी फक्त विचारलं की तो पाणीच का मागतो गो, दुसरं काही का नाही. काकी बराच वेळ गप्प. मग म्हणाली की आमच्या घरातला एक मुलगा, आजीच्याही आधीच्या पिढीतला, मुंज होऊन आठ दिवस झाले आणि तापाने गेला, आणि तेव्हा तापात पाणी देत नसत, पाणी दिलं की ताप वाढतो म्हणायचे, आणि तो शेवटपर्यंत पाणी मागत होता.

मी फोन तसाच चालू ठेवला आणि आम्ही दोघं बसून राहिलो. बारा वर्षांचा असताना ज्या दोन शब्दांनी मी गोधडीत शिरायचो ते शब्द कुठून आले होते ते मला चाळिशीत कळलं.

म्हणून सांगतो, भुतांच्या जाती नुसत्या पाठ करू नका, प्रत्येक जातीमागे मरण कसलं आहे ते बघा. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज, म्हणजे लग्नाआधी मुंजीचं व्रत सोडायचा विधी, व्हायच्या आत गेलेला मुलगा. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यातला, बुडालेल्याचा. समंध म्हणजे ज्याची वासना राहिली किंवा मागे दिवसकार्य करणारं कोणी उरलं नाही असा. जखीण सवाष्णीची आणि लावसट विधवेची, म्हणजे बघा, बाई मेल्यावरसुद्धा तिला नवऱ्यावरून मोजली. गावागणिक हे अर्थ थोडे बदलतात, तुमच्याकडे काय म्हणतात ते तसंच लिहून ठेवा, पुस्तकातल्याशी जुळवायला जाऊ नका. एखाद्या वाडीत हडळीच्या तीन गोष्टी असतील तर तिथे किती बाया बाळंतपणात गेल्या असतील याचा विचार करा, आणि त्या घरातली माणसं अजून तिथेच राहतात हेही लक्षात ठेवा. गोष्ट पुढे सांगताना खरं नाव, आडनाव, घर, काही घालायचं नाही. जिवंत बाईबद्दल "ती करणी करते" असलं कोणी सांगायला लागलं तर तिथेच रेकॉर्डिंग बंद करायचं, ती भुताची गोष्ट नव्हे, ते एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त करणं आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो अशाच गोष्टींसाठी, आणि त्यासाठी झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. मला भुताच्या गोष्टी जिवापाड आवडतात आणि मी मांत्रिकाच्या दारात कधी पाय ठेवलेला नाही, या दोन्हींचं मला कधी भांडण वाटलं नाही.

अजून एक, कोकणात फिरणार असाल तर देव आणि भूत यांची गल्लत करू नका. राखणदार, देवचार हे गावाची, जागेची राखण करणारे, त्यांना लोक नारळ ठेवतात, राखण देतात, गाऱ्हाणं घालतात, त्यांना भूत म्हटलेलं कोणाला आवडत नाही. वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा बघा, नावात वेताळ आहे पण तो गावाचा देव, रात्री तो गावची राखण करत फिरतो म्हणून त्याला भलेमोठे चामड्याचे जोडे वाहतात, आणि फिरून फिरून ते झिजतात अशी श्रद्धा. केळ्यांचे घडही वाहतात. ते जोडे मी पहिल्यांदा बघितले तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला तो कुठल्याच पिक्चरने आणला नाही, आणि ती भीती नव्हती, निदान नुसती भीती नव्हती.

आता वाचन. माझी सुरुवात चांदोबातल्या विक्रम-वेताळापासून, ते खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून निघालेल्या राजाचं चित्र तुमच्यापैकी निम्म्यांच्या डोक्यात असेलच. त्या वेताळकथा किती जुन्या, तर अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात त्या आहेत. मग लायब्ररीतून नारायण धारप. आमच्या लायब्ररीत धारपांची पुस्तकं कधी जागेवर नसायचीच, नंबर लावून मिळायची. शंभराहून जास्त पुस्तकं आहेत त्यांची, कुठूनही सुरू करा, पण एका बैठकीत दोन वाचू नका, मध्ये दिवस जाऊ द्या. मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा. मतकरींबद्दल मला एक गोष्ट फार भारी वाटते, की लहान मुलांसाठी अलबत्या गलबत्यातली चेटकीण लिहिणारा आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिणारा माणूस एकच. म्हणजे पाच वर्षांच्या पोराला किती घाबरवायचं आणि पन्नाशीच्या माणसाला किती, दोन्ही मापं त्या माणसाकडे होती.

संशोधन म्हणून वाचायचं असेल तर कोकणच्या लोककथा-समजुतींवरचा एक इंग्रजी खंड १९१५ साली छापला गेला, इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यातली माहिती जमवली होती जॅक्सनने, होय तोच, नाशिकचा कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ ला अनंत कान्हेऱ्यांनी विजयानंद थिएटरात गोळ्या घातल्या. गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्याने माहिती मागवलेली, तो गेल्यावर एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती छापली. भुतांच्या प्रकारांची एवढी मोठी यादी मी दुसरीकडे बघितली नाही. पण वाचताना एक हुरहुर लागते, कारण यादी आहे, सांगणारं माणूस नाही. कोणत्या आजीने मास्तरांना ते सांगितलं, सांगताना ती कुठे थांबली, काही नाही.

याच्या उलट उदाहरण जपानचं. लाफ्काडिओ हर्न नावाचा लेखक तिकडे जाऊन राहिला, त्याची बायको सेत्सू त्याला जुन्या भुताच्या गोष्टी सांगायची, आणि ती पुस्तक बघून सांगायला लागली की हा म्हणायचा पुस्तक नको, तुझ्या शब्दांत सांग. १९०४ साली त्याचं जे पुस्तक आलं ते आजही जगभर वाचलं जातं. मला वाटतं त्याला जे कळलं होतं ते आमच्या आजीला न शिकता येत होतं.

आणि आपल्याकडचं ताजं बघा. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात तुंबाड पिक्चर काढणाऱ्या राही बर्वेला त्याच्या मित्राने धारपांची एक गोष्ट तोंडी सांगितली. पोरगाच होता तो. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने पिक्चरचा पहिला ड्राफ्ट लिहिला, आणि तुंबाड थिएटरात आला २०१८ मध्ये. पंचवीस वर्षं! मी त्याच १९९३ मध्ये शेजाऱ्यांकडे केबलवर झी हॉरर शो बघायला बसायचो, म्युझिक सुरू झालं की उशी तोंडावर घ्यायचो आणि एक डोळा उघडा ठेवायचो. तुंबाड बघून बाहेर आलो तेव्हा मनात पहिलं हेच आलं की एका रात्रीचं सांगणं माणसात किती वर्षं जिवंत राहू शकतं.

काही जणांना वाटतं की कारण कळलं की मजा जाते. माझा अनुभव अगदी उलटा. चकवा घ्या, रानात माणूस गोल गोल फिरून परत त्याच झाडाखाली येतो. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना खरोखर जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून बघितलं, सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर माणसं सरळ चालतोय असं समजत गोल फिरतात. हे वाचल्यावर मला चकव्याची जास्त भीती वाटायला लागली, कारण आता तो बाहेर रानात नाही, माझ्याच पायात आहे. छातीवर कोणीतरी बसलंय आणि हलता येत नाही हेही तसंच, झोपेतून मेंदू जागा होतो आणि अंग अजून झोपेत असतं. कारण माहीत आहे म्हणून त्या क्षणी घाम यायचा थांबत नाही.

रात्रीचे आवाज मात्र जरूर शिका, गोष्ट सांगायला त्याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाची नाही. टिटवीचं रात्री ओरडत उडत जाणं, रातव्याचं एका लयीत चुक-चुक-चुक, गव्हाणी घुबडाचा तो किंचाळल्यासारखा आवाज, आणि ते घुबड खालून पांढरंफटक दिसतं, अंधारात नुसता पांढरा आकार आवाज न करता डोक्यावरून जातो, ज्याने बघितलंय त्याला विचारा.

आता सांगायचं कसं. जमवून नुसतं ठेवायचं नाही, सांगायचं, नाहीतर तुमच्याकडेही यादीच राहील. सुरुवातीचा बराच भाग अगदी साधा ठेवा, कोण कुठून निघाला, खिशात किती पैसे होते, चप्पल कशी चावत होती. ऐकणाऱ्याचा पाय त्या वाटेवर पडला पाहिजे. भुताचं वर्णन करू नका, लाल डोळे, उलटे पाय, सुळे हे सगळं ऐकणारा स्वतःच घालतो आणि तुमच्यापेक्षा चांगलं घालतो. एक गोष्ट एक आवाज, आजीचा अडकित्ता तसा. आवाज वाढवायचा नाही, उलट हळू करत न्यायचा म्हणजे लोक पुढे सरकतात. शेवटी ओरडून दचकवायचं तर अजिबातच नाही, दचकणं दोन सेकंदांत जातं आणि त्याबरोबर गोष्टही जाते. दहा मिनिटांपेक्षा लांबवू नका. आणि संपल्यावर लगेच लाइट लावू नका.

लहान मुलांना सांगताना थोडं वेगळं. त्यांना शेवटी घरात पोचवायचं, दार लागलं, आईने दिवा लावला, इथपर्यंत आणून सोडायचं. पोराला दोन रात्री झोप लागली नाही तर काही महिने थांबायचं, "भित्रा आहेस" असं म्हणायचं नाही, कारण ज्याला जास्त भीती वाटते त्यालाच पुढे या गोष्टी जास्त आवडतात, मी स्वतः तसाच होतो. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मुंज्याची गोष्ट तिला गेल्या वर्षी पहिल्यांदा सांगितली, अडकित्ता हातात घेऊनच, घरात सुपारी कोणी खात नाही पण मी गावाहून तो अडकित्ता आणलाय. "माका पण" झाल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पोराचं खरं काय झालं होतं ते मी तिला सांगितलेलं नाही, अजून लहान आहे, विचारेल तेव्हा सांगेन.

काकी आता शहाऐंशीची आहे. या मे महिन्यात चौथ्यांदा ती गोष्ट घ्यायचा विचार आहे. तिसऱ्या वेळची फाइल मी अधूनमधून रात्री हेडफोन लावून ऐकतो. ती पाण्याचं बोलून गप्प झाल्यावर जवळजवळ तीन मिनिटं नुसती रातकिड्यांची किरकिर आहे, मग लांबून एकदा टिटवी, मग काकीच्या बांगड्या वाजतात आणि ती म्हणते, "झाला मां तुझा? नीज आता."